अण्णा होडी बघायला जातात

धरण भरल्याची बातमी साताऱ्यात पेपरात छापून येते, पण मला ती दोन दिवस आधीच मंडईत कळलेली असते. भादव्याच्या अखेरीस आमच्या वरच्या भागातल्या बाया घेवड्याच्या कोवळ्या शेंगा घेऊन बसतात. त्यांच्यातली एखादी माझ्या पिशवीत जास्तीची मूठ टाकता टाकता सांगते, "बाई, पाणी आंब्याला लागलं." आमच्या गावाच्या खालच्या अंगाला एक जुना रायवळ आंबा आहे. धरणाच्या फुगवट्याचं पाणी त्याच्या बुंध्याला टेकलं की धरण भरलं, ही आमची खूण. टक्केवारी वगैरे सरकारने बघावी.

यंदाही तो निरोप आला. घरी येऊन शेंगा मोडायला बसले आणि चार वर्षांपूर्वीचे हेच दिवस आठवत राहिले. आम्ही होडी घ्यायला निघालो होतो ते दिवस. ज्या घरात आजवर बैल, एक सायकल आणि एक दुभती म्हैस यापलीकडे काही चालणारं-फिरणारं विकत आलं नव्हतं, ते घर मोटारबोटीचे भाव विचारत फिरत होतं.

गाव वाईच्या वर, एसटीने तासाभरावर. पावसाळाभर चहाच्या रंगाचं असलेलं पाणी आश्विन लागता लागता निवळतं. सकाळी नऊपर्यंत त्याच्यावर धुकं बसून असतं, मग ऊन चढतं आणि पलीकडचा सगळा डोंगर पाण्यात उलटा दिसायला लागतो. बांधावरचा तेरडा संपत आलेला, सोनकी पिवळीजर्द. झेंडूच्या वाफ्यांतून जाताना तो कडवट वास कपड्यांना लागतो आणि रात्री अंथरुणातही येतो. स्ट्रॉबेरीच्या रोपांची लावण चालू असल्यामुळे रानात दिवसभर बायकांचे आवाज. या पंधरा-वीस दिवसांत आमचं गाव जसं दिसतं तसं वर्षात पुन्हा दिसत नाही. उन्हाळ्यात याल तर नुसता चिखल आणि भेगा, हे मी आधीच सांगून ठेवते.

अशा दिवसांत माझा धाकटा भाऊ दिलीप फौजेतून कायमचा घरी आला होता. चोवीस वर्षं नोकरी झाली. पलटणीत तो मोटारबोटी चालवायला शिकला आणि पुढे फौजेच्या पाण्यावरच्या खेळांच्या पथकात होडी चालवायला गेला. घरी आल्यावर आठ दिवस तो आंब्याखाली बसून नुसता पाण्याकडे बघत होता. नवव्या दिवशी मी साताऱ्याहून गेले तेव्हा म्हणाला, "आक्का, एवढं पाणी हाय आन त्याच्यावर कायच न्हाई. मी हितं होडी आनतो."

साधी होडी नव्हे. वेकबोर्डची होडी. मला तो शब्दही ठाऊक नव्हता. त्याने मोबाईलवर दाखवलं. पायांना एक रुंद फळी बांधलेला माणूस, हातात दोर, दोराचं दुसरं टोक होडीला. होडी पळते, तिच्यामागे एक जाडजूड गुळगुळीत लाट उठते, आणि माणूस त्या लाटेवरून उड्या मारतो. बहुतेक वेळा पडतोच. अण्णा, म्हणजे आमचे वडील, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, शेजारून मान वाकडी करून बघत होते. चार माणसं पडलेली बघून झाल्यावर म्हणाले, "म्हंजी लोक पुण्यास्नं पडायला येनार, आन ह्यो त्यांला वढत बसनार?"

"व्हय," दिलीप म्हणाला.

"ब्येस हाय."

अण्णांच्या तोंडचं "ब्येस हाय" ऐकून आनंद होण्याइतकी अजाण मी राहिलेले नाही.

होडी चालवायच्या परवानगीसाठी त्याने सुट्टीवर येऊन येऊन चकरा मारल्या होत्या आणि कागद हातात पडले होते. पण दुसऱ्या बाजूला पुण्यातली नोकरी तयार होती. एका कंपनीच्या फाटकावर सुरक्षा अधिकारी म्हणून दिवाळीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं. दिवाळीपर्यंत होडी ठरली तर राहायचं, नाही तर पुणे, असं त्याने फौजी शिस्तीत जाहीर करून टाकलं. त्याची बायको सुनीता हिने त्याची काळी ट्रंक माळ्यावर न टाकता दाराशीच ठेवली होती. का, तर "पुन्यांदा काडायला नगं."

मला तो जायला नको होता. चोवीस वर्षं मी भावाला सुट्टीपुरता पाहिला. प्रत्येक वेळी स्टँडवर निरोप देताना तो थोडा जाड, थोडा टकला, थोडा जास्त गप्प झालेला. आता कुठे तो सकाळी दात घासत अंगणात उभा दिसत होता, आणि त्या दिसण्याची मला इतक्या लवकर सवय लागली होती की माझं मलाच नवल वाटत होतं. पण राहा म्हणायचं कुणी? ज्यांनी म्हणायचं ते अण्णा म्हणाले, "जाऊं दे की. हितं ऱ्हाऊन काय दिवं लावनार हाय?"

दिलीप उठून बाहेर गेला. मागच्या चोवीस वर्षांतही तो असाच उठून बाहेर गेलेला होता, असं मला तेव्हा वाटून गेलं. भरतीला निघाला तेव्हा ओवाळणीच्या ताटापुढे अण्णा म्हणाले होते, "ह्येला आठ दिसांत हाकलून देत्यात बगा." पहिली पदोन्नती झाली तर, "मानसं कमी पडली असतील." हे त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. मला एकदा पत्रात लिहिलं होतं, एकच ओळ. मी ते पत्र अण्णांना वाचून दाखवलं नाही.

अण्णांचं बोलणं कळायला अण्णांचा धंदा कळावा लागतो. धंदा म्हणजे पोटाचा नव्हे, शेतीच होती. पण अर्ध्या गावाचे बैल त्यांच्या नजरेने आलेले. थंडी पडली की अण्णा ट्रकमध्ये बसून पार सांगली ओलांडून जतकडच्या जनावरांच्या बाजाराला जायचे. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा हट्टाने गेले होते. कराडपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, सांगलीच्या पुढे तो विरळ होत गेला, आणि जत आलं तेव्हा नुसती तांबूस माती, मेंढरं आणि लांबवर एखादं बाभळीचं झुडूप. एवढं आभाळ मी कधी बघितलं नव्हतं. माणसं कानडी बोलत होती. अण्णांना कानडी एकच शब्द येत होता, "ब्याड." म्हणजे नको.

तेवढ्यावर त्यांचा सगळा बाजार व्हायचा. एक खिलारी खोंड होता, पांढराशुभ्र, मला तर बघताक्षणी आवडला. अण्णांनी त्याच्याकडे धड बघितलंही नाही. उभ्या उभ्या म्हणाले, शिंगं बारकी हायत, पाठीत खड्डा हाय, डोळा चुकार हाय, ब्याड. मग टॉवेलाखाली हात घालून मालकाशी बोटांनी काहीतरी बोलले, हात झटकून काढला, पुन्हा ब्याड, आणि माझं मनगट धरून चालायला लागले. मला रडू फुटलं. अण्णा पुटपुटले, "मागं बगू नगं. लिंबापातूर जाऊस्तोवर हाक मारतोय." आणि खरंच लिंबाच्या झाडाच्या अलीकडे हाक आली. खोंड आमच्या ट्रकमध्ये चढला. घरी आल्यावर आईने त्याच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, सगळे पांगले. मी गोठ्याच्या दाराशी उभी होते ते अण्णांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खोंडाच्या गळ्याखालून हात फिरवला आणि त्याच्या कानाशी कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत राहिले. काय ते ऐकू आलं नाही.

ही रीत आमच्या सगळ्यांच्या हाडात मुरली आहे. मला बघायला पाहुणे आले तेव्हा अण्णा बैठकीत म्हणाले, पोरगी रागीट हाय आन स्वयंपाकात मन न्हाई. (दोन्ही खरं होतं. लग्न ठरलं.) परवा मंडईतही मी त्या बाईला म्हणाले, शेंगा निबर दिसतायत गं, आणि दोन किलो घेतल्या. तिनेही खुशाल "बरं न्या मग" म्हटलं. दोघींना खेळ ठाऊक असला की काही बिघडत नाही.

तर होडी. घरात मोठी वस्तू यायची म्हणजे अण्णांनी बघितल्याशिवाय नाही, म्हणून दिलीप त्यांना बरोबर घेऊन फिरायचा. आणि दोघांचं जमणार नाही म्हणून मी.

पुण्यातला पहिला विक्रेता काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसायचा. कॉफी दिली, मोठ्या पडद्यावर होडी गोल गोल फिरवून दाखवली, रंग बदलून दाखवले. अण्णा शांतपणे बघत होते. संपल्यावर विचारलं, "जनावर कुठाय?" होडी बुकिंग केल्यावर येते, असं त्याने सांगितलं. अण्णांनी कॉफी संपवली आणि उठले. जिन्यात म्हणाले, "फोटू बगून तर मी बायकोबी केली न्हवती."

दुसरा गोव्याचा. त्याच्याकडे होडी होती, लखलखीत, अगदी कोरी म्हणून सांगितलेली. इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं एक घड्याळ असतं, ते शून्यावर. दिलीप ते बघत असताना अण्णांनी गादी उचलून खाली नाक घातलं. बाहेर काढून म्हणाले, "दोन पावसाळं खाल्ल्यात हिनं." मग दिलीपने पायाखालचं रबर बघितलं, ते झिजून गुळगुळीत झालेलं. परत येताना अण्णा अख्खा घाट खुशीत होते. "दात घासून आनलं हुतं गड्या," असं त्यांनी दिलीपच्या पाठीवर थाप मारून सांगितलं; म्हातारा बैल तरणा म्हणून विकायला दात घासतात, तसं. बापाने त्याच्या पाठीवर हात ठेवलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

तिसरी मृणाल. पनवेलच्या पुढे खाडीकाठी तिची शेड होती. तिशीतली मुलगी, उन्हाने रापलेली, मुंबईची स्वच्छ मराठी बोलणारी. तिने पडदा दाखवला नाही की कॉफी विचारली नाही. होडी सरळ पाण्यात उतरवली, चाक दिलीपच्या हातात दिलं, स्वतः पायांना फळी बांधली आणि म्हणाली, "दादा, मला ओढा. मागे वळून बघू नका, आरशात माझा हात वर दिसला की वेग वाढवा." अण्णा आणि मी होडीत. दिलीपने होडी सोडली. इंजिन तिच्या पोटात, त्यामुळे आवाजही पोटातूनच आल्यासारखा. पाणी फाटलं, मागे ती लाट उठली, हिरवी, काचेसारखी, न मोडता आमच्यामागे येणारी, आणि मृणाल तिच्यावरून या बाजूची त्या बाजूला गेली. मी दिलीपकडे बघितलं. तो बसला होता तसा मी त्याला लहानपणी आंब्याच्या फांदीवर बसलेला बघितला होता. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तोंड उघडं होतं.

काठाला उतरले आणि टोपी डोक्यावर गेली.

"रंग भडक हाय," अण्णा म्हणाले. "प्वाट लय मोटं. आवाज घोगरा. ही वरली कमान कशापायी, मांडव घालायचाय व्हय? आन लाट उठावी म्हनून पोटात पानी भरून चालती म्हंजी मुलखाची आळशी असनार."

दिलीपही त्यांचाच मुलगा. म्हणाला, "वळताना जड वाटती जरा." मी तरी मागे का राहू? गाद्या पांढऱ्या आहेत, मळतील, असं मीही सांगून टाकलं. मृणालने खिशातून वही काढली आणि एकेक दोष नीट लिहून घेतला. अण्णांनी मला कोपराने ढोसलं, "लिवून घेती बग. घाबारली." मग आम्ही तिघं फाटकाकडे चालायला लागलो, अगदी सावकाश, कान मागे ठेवून. फाटक आलं. रस्ता आला. गाडीत बसलो. "शहरातली मानसं," अण्णा म्हणाले, "जरा येळ लावत्यात." घाटात त्यांनी दोन वडापाव खाल्ले. होडी आपलीच झाल्यासारखे आम्ही तिघंही बडबडत होतो, तिला कुठे बांधायची, उन्हाळ्यात पाणी हटलं की कशी ओढून घ्यायची.

घट बसले. आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, तर अण्णा त्या खिडकीखाली पाट टाकून बसायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, हितं वारं येतंय. घटातलं धान उगवून वीतभर झालं. दसरा झाला. फोन वाजायचा तो फक्त पुण्याहून, कागदपत्रं कधी देताय म्हणून. मी म्हटलं, आपणच करू या का? अण्णा माझ्यावर खेकसले, "आपुन फोन केला म्हंजी हारलो." दिलीपने नोकरीसाठी नवे बूट आणले.

मग मी घरात न सांगता साताऱ्याहून मृणालला फोन केला.

"अहो, पण ती होडी तर गेली," ती म्हणाली. "तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. तुमच्या वडिलांना ती आवडली नव्हती ना? त्यांचे सगळे मुद्दे मी कंपनीला कळवलेसुद्धा."

तीस वर्षं शाळेत शिकवलं मी, पण तिला उत्तर देताना त-त-प-प झालं. आवडली होती हो, आमच्याकडे असंच बोलतात, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तशीच दुसरी होडी महिन्याभराने येणार होती. पण नको असलेली वस्तू गळ्यात घातली की पुढे वर्षभर कुरबुर चालते, हे तिने एकदा भोगलं होतं. "आजोबांना खरंच हवी असेल तर त्यांनी स्वतः मला तसं सांगावं. मग मी दुसऱ्या कुणाला दाखवणारही नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. अण्णा अंगणात होते. सगळं सांगितलं.

"म्हंजी ती मागनं हाक मारनारच न्हवती?"

"नाही अण्णा."

"आन आमी बोललो त्ये?"

"तिने खरं धरलं."

"खरं?" अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्यांची दया आली. "समदं?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. इतक्या वर्षांच्या बाजारात असं माणूसच त्यांना भेटलं नव्हतं, की ज्याला बोललेलंच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी येऊन म्हणाले, "लाव फोन." मी लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला. दिलीप दाराच्या पायरीवर बसून नव्या बुटांना पॉलिश करत होता.

"पोरी, मी वाईकडचा. टोपीवाला."

"बोला ना आजोबा."

अण्णांनी घसा खाकरला. भिंतीकडे बघितलं. "ती तुजी होडी. चांगली हाय."

"काय म्हणालात? आवाज तुटतोय."

दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. पण एकदा तोंडातून निघाल्यावर त्यांना थांबता येईना. "लय चांगली हाय. पान्यात शिरली तवा पान्याला कळलंबी न्हाई. वळली तर मान न हलवता. आन ती लाट! तसली लाट मी जन्मात बगितली न्हाई बाई. आमाला पाहिजे."

पलीकडून तिने अगदी सरळ विचारलं, "मग त्या दिवशी एवढी नावं का ठेवलीत?"

"पाहिजे हुती म्हनून," अण्णा म्हणाले. "नको असती तर चांगली हाय म्हनून घरला आलो असतो. जे आपल्याला पाहिजे असतंय त्येलाच मानूस नावं ठिवतो. न्हाईतर कोन कशाला त्वांड शिनवतंय?"

पायरीवरचा ब्रशाचा आवाज थांबला.

मृणाल हसली, नाव लिहून घेते म्हणाली, दिवाळीनंतर होडी येईल तेव्हा आणखी बोलू. अण्णांनी मोबाईल कानापासून लांब धरून उलटसुलट करून बघितला, बंद झाला की नाही ते कळेना म्हणून. दिलीप त्यांच्या पाठीकडे बघत होता. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, हातात एक बूट, आणि चेहरा असा की हिशेब चुकला हे आत्ता उत्तर बघून कळलंय.

"आण्णा," तो म्हणाला. "मग मी पुन्याला जाऊं का?"

अण्णा वळले नाहीत. "जा की. हितं तुजं काय काम हाय? जागा आडवून बसलायस निस्ता. खातूयस बी लय."

दिलीप हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग तो मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सुनीता आतून धावत आली, काय झालं म्हणून. अण्णा चिडून म्हणाले, "येड लागलंय ह्येला." तर तो आणखीच हसला. मग उठला, अण्णांच्या हातातून मोबाईल काढून घेतला, खिडकीशी उभं राहून पुण्याचा नंबर लावला. फोन उचलला गेला तेव्हा तो फौजेतल्यासारखा ताठ उभा होता.

"साहेब, मला येता येणार नाही," तो म्हणाला. "वडील सोडत नाहीत."